प्रत्यक्ष पाहिलेला दीपोत्सव

बुधवार, ता. २ जानेवारी १९३५. सकाळी

लेख छापून आला. बातमी नवलसिंग पोस्टमनने दिली आणि ती पक्की आहे, कारण रॅपर त्यानेच वाटेत फोडले होते. ‘सातपुड्यातील दीपोत्सव: एक प्रत्यक्षदर्शन’. खाली माझे पूर्ण नाव, आणि ‘प्रकाशे, पश्चिम खानदेश’. पुण्याच्या मासिकात प्रकाशे गावाचे नाव यापूर्वी आले असेल तर ते तापीच्या पुरामुळे.

नववर्षाचे संकल्प: (१) रोज रोजनिशी. (२) पहाटे उठणे. (३) सातपुड्यावर प्रत्यक्ष जाणे. लेख झाला म्हणून आळस नको. उलट आता जाणे सोपे. काय पाहायचे ते छापीलच आहे.

दुपारी

आबांना ओट्यावर लेख वाचून दाखवला. आबा म्हणजे आमचे थोरले बंधू, सुपडू पाटील. शेती सगळी तेच पाहतात. मी शाळेतली नोकरी सोडून रिसर्चला लागलो तेव्हापासून माझेही तेच पाहतात. एरवी ते माझे लिखाण ऐकताना सुपारी कातरत असतात. आज एका वाक्याला अडकित्ता थांबला: ‘आश्विन अमावास्येच्या त्या रात्री सातपुड्यातील एकही मनुष्य आपल्या पाड्याबाहेर राहत नाही.’ म्हणाले, “फिरी वाच.” पुन्हा वाचले. मान डोलावली. वाक्य खरोखरच साधले आहे. पहिल्या ड्राफ्टात ‘बहुतेक मनुष्ये पाड्यातच असतात’ असे होते. ते कानाला लंगडे वाटले.

सौ. ने विचारले की डोंगरात तुम्ही सहस्रावधी पणत्या लावल्यात, एवढे तेल त्यांनी कुठून आणले? तिला म्हटले, तो वर्णनाचा भाग आहे. ती म्हणाली, वर्णनालाही तेल लागतेच की.

गुरुवार, ता. ३

पहाटे उठलो नाही. थंडी.

माझी मेथड एकदा लिहून ठेवतो. पुढे कोणी विचारील. सामान्य संशोधक आधी पाहतो, मग लिहितो. त्यामुळे त्याचे लिखाण विस्कळीत होते. मी आधी लिहितो. लेख घरात बसून शांतपणे पूर्ण करतो, मग माहितगाराकडून एकेक मुद्दा तपासून घेतो. माहितगार म्हणजे आमचा सालदार दिवाल्या. वर्षाच्या बोलीवर आबांकडे आहे, धडगावच्या वरच्या उंबरपाड्याचा. दिवाळीत जन्मला म्हणून दिवाल्या. याहून अधिकृत माणूस कुठे मिळणार?

गोठ्यात समोरासमोर बसून इंटरव्ह्यू घेतला होता. दिवाळीला दिवे लावता? “हाव.” पुष्कळ? “हाव.” हजारो म्हणता येतील? “हाव, मास्तर.” अमावास्येलाच? जरा थांबला. मग आबा गोठ्यात डोकावले. “हाव.” एकाही मुद्द्यावर मतभेद नाही. संशोधनात असे क्वचित घडते.

ता. ४

डोके दुखत होते. लेख दोनदा वाचला.

शनिवार, ता. ५

लहानसा घोटाळा.

दिवाल्याने आबांकडे सुटी मागितली. कशाला, तर दिवाळीला. आबा म्हणाले, दिवाळी आश्विनातच झाली, तेव्हा दोन दिवस दिले होते. दिवाल्याचे म्हणणे, ती तुमची. आमच्या पाड्याची आता आहे. यावर आबांनी मासिक मागवले, दिवाल्यापुढे धरले आणि माझ्या वाक्यावर बोट ठेवले. दिवाल्याला वाचता येत नाही. त्याने बोटाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

आबा म्हणाले, “छापेल शे ना? मंग दिवाई व्हई गई. हाऊ लबाडी करी ऱ्हायना.”

मी काही बोललो नाही. दोघांच्या व्यवहारात संशोधकाने पडू नये. निरीक्षकाने तटस्थ असावे.

रविवार, ता. ६

कालच्या प्रकाराचा शांतपणे विचार केला. दिवाल्याची समजूत चुकीची असण्याची शक्यता नाकारता येत नाही. माणूस स्वतःच्या चालीरीतींत इतका बुडालेला असतो की त्याला त्या नीट दिसत नाहीत. छापील मजकूर मात्र मी तीनदा तपासला, संपादकांनी एकदा.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. तो इंटरव्ह्यू झाला तो लक्ष्मीपूजनाचा दिवस होता. मी त्याला फराळातली करंजी दिल्याचे आठवते. म्हणजे अमावास्येला सातपुड्यातील एक मनुष्य तरी पाड्याबाहेर होता. माझ्यासमोर. करंजी खात.

तो माझ्यावरील लोभामुळे थांबला असावा. लेख संपादकांकडे तेव्हा गेलेलाच होता. नाहीतर तळटीप दिली असती.

मंगळवार, ता. ८

पुण्याहून कार्ड! एक प्रोफेसर, लोकजीवनाचे अभ्यासक, माझा लेख वाचून येत आहेत. रविवार ता. २० रोजी, दुपारच्या सर्व्हिस मोटारीने. माझ्याकडून काही शिकण्याची त्यांची इच्छा आहे. तसे शब्द नाहीत, पण भाव तोच. त्यांची एकच विनंती: टिपणांत ‘पाहिले’ आणि ‘ऐकले’ अशी दोन वेगळी पाने ठेवली असतील तर ती दाखवावीत. त्यांच्या मते लिहिणे हेच अर्धे संशोधन. लिहिताना माणसाला कळते की आपल्याला काय माहीत नाही.

हा अनुभव मला कधी आला नाही. लिहिताना मला सगळेच माहीत असते.

तरी दोन पाने आखली. ‘ऐकले’ या पानावर लगेच लिहिले: हाव. ‘पाहिले’ हे पान शाई वाळायला ठेवले आहे.

सायंकाळी

आबांनी कार्ड गावभर दाखवले. आमच्या छगनकडे (म्हणजे माझ्याकडे) पुण्याचा साहेब येणार. आबांना माझा अभिमान वाटल्याचे हे पहिलेच उदाहरण. अशा वेळी त्यांना ‘ते वाक्य तितकेसे बरोबर नसावे’ असे सांगणे म्हणजे त्यांचे मन मोडणे. मोठ्या भावाचे मन मोडू नये.

दिवाल्या कडबा कापत होता. आज विहिरीकडे मागच्या वाटेने गेलो. ती वाट लांबची आहे, पण चालणे प्रकृतीला चांगले.

बुधवार, ता. ९

ठरले. उद्या पहाटे शहाद्याला, तेथून घोडे करून घाट, परवा उंबरपाडा. प्रत्यक्ष पाहून येतो. ‘पाहिले’ हे पान भरले की सगळेच प्रश्न मिटतात. सौ. ला भाकरी आणि चटणी बांधायला सांगितले. लोकरी मफलर, छत्री, दौत, दोन टाक, क्विनाइन.

ता. १०

गाडीचा बैल लंगडतो आहे असे वाटले. आबा म्हणाले लंगडत नाही. मला तो लंगडताना दिसला.

भाकरी घरीच खाल्ली.

शुक्रवार, ता. ११

शहाद्यापर्यंत गेलो!

बाजारात घोडेवाला भेटला. घोडे बघितले. घोड्याने मला बघितले. घाटात थंडी फार आहे, असे तिथे दोन-तीन जणांनी सांगितले; एकाला मी विचारलेही नव्हते. शहाद्याहून सातपुडा स्वच्छ दिसतो. पुष्कळ वेळ पाहिला. ‘पाहिले’ या पानावर नोंद केली: सातपुडा. निळसर.

संध्याकाळच्या मोटारीने परत. सौ. साठी गोडी शेव आणली. तिने विचारले, डोंगरात गोडी शेव मिळते वाटते?

शनिवार, ता. १२

प्रकरण वाढले आहे.

दिवाल्याची बायको तुळशीबाई आणि तिचा भाऊ गोवाल डोंगरातून पायी आले. गोठ्याच्या बाहेर बसले आहेत. दिवाल्याला न्यायला आले आहेत. त्यांचे आबांशी बोलणे मी खिडकीच्या आतून ऐकले. खिडकी बंद होती, पण तुळशीबाईचा आवाज बंद खिडकीला मानीत नाही.

त्यांच्याकडे दिवाळी पंचांगाने येत नाही. दाणे घरात आले, खळी रिकामी झाली, की पाडा बसतो आणि दिवस ठरवतो. या पाड्याची एका दिवशी, त्या पाड्याची दुसऱ्या. म्हणजे एकमेकांकडे जाता येते. आणि उंबरपाड्याची रीत अशी की घरचा कर्ता माणूस पाड्यात असल्याशिवाय दिवाळी करायची नाही. तुळशीबाई म्हणाली, “येक चूल कमी व्हयनी तं दिवाई व्हस नही.”

कामाला खाली उतरलेले बाकी सगळे पाड्यात परत आलेले आहेत. एक चूल कमी आहे. आमच्या गोठ्यातली.

गोवाल शांत माणूस. तो एवढेच म्हणाला की उंबरपाडा थांबला म्हणून खालचा पाडाही थांबला आहे, कारण त्यांचे पाहुणे आम्हीच. आणि तो थांबला म्हणून त्याच्या खालचाही. बकरे बांधून ठेवले आहेत, ते वाळत चालले आहेत.

आबांनी पुन्हा मासिक दाखवले.

म्हणजे, दिवाळी झाली असे मी लिहिल्यामुळे आख्ख्या डोंगराची दिवाळी अडली आहे. हे वाक्य मी लिहून पाहिले. कानाला मुळीच लंगडे वाटत नाही.

रविवार, ता. १३

बाहेर पडलो नाही. खोकला. (खोकला खरा आहे. जोर केला की येतो.)

सौ. त्यांना भाकरी-भाजी देऊन आली आणि बराच वेळ तिथेच बसली. हसण्याचे आवाज आले. परत आल्यावर कळले की तुळशीबाईने ‘मास्तरनं काय लिखं ते सांग’ म्हटले आणि हिने माझा लेख तिला समजावून सांगितला. सबंध. सहस्रावधी पणत्यांना तुळशीबाई इतकी हसली की पदर तोंडात घातला. ‘लाजऱ्या डोंगरकन्या दीप घेऊन मूकपणे उभ्या राहतात’ या ठिकाणी म्हणे तिने भावाला विचारले, आपल्याकडे मूक कोण रे? गोवालने पुष्कळ विचार केला. त्याला एकही बाई आठवेना.

मी सौ. ला विचारले, शैलीबद्दल काही म्हणाली का?

सौ. म्हणाली, “तिनं विचारलं, मास्तर हे कुठे उभा राहून पाहत होता? म्हणजे पुढच्या वर्षी तिथे बसायला काही टाकू.”

यात टोमणा होता की आतिथ्य, हे सौ. ला विचारायचे धैर्य झाले नाही.

दिवाल्या मात्र हसला नाही. तो बैलांना पाणी दाखवायला उठून गेला, असे ती म्हणाली. त्याने आतापर्यंत माझ्याविरुद्ध एक शब्द काढलेला नाही. काढला असता तर बरे झाले असते. मला उत्तर देता आले असते.

संकल्प: उद्या सकाळी उठल्याबरोबर आबांना स्पष्ट सांगणे. मी गेलो नव्हतो. पाहिले नव्हते. लिहिले.

सोमवार, ता. १४. संक्रांत

आज सांगता येणार नाही. तिळगूळ हातावर ठेवून ‘गोड बोला’ म्हणायचे आणि लगेच असले काही सांगायचे, हे सणाला शोभत नाही. आबांनी स्वतः मला तिळगूळ दिला आणि म्हणाले, पुण्याचा साहेब येईल तेव्हा ओटा सारवून घेऊ. डोळे भरून आले.

सौ. तिळगूळ घेऊन गोठ्याकडे गेली. मीही निघालो होतो. दारापर्यंत गेलो. तुळशीबाईने मला पाहिले आणि गोवालच्या कानात काहीतरी सांगितले. मी तिळगूळ स्वतःच खाल्ला आणि परत आलो.

दुपारी

‘पाहिले’ या पानावर काही लिहायला बसलो. माणूस जेथे बसला आहे तेथून जे दिसते तेवढेच लिहायचे, असे प्रोफेसरांनी कार्डात म्हटले आहे. खिडकी उघडली. लिहिले:

दिवाल्या गोठ्याच्या भिंतीला टेकून बसला आहे. बायको त्याच्याशी बोलते आहे. तो मान हलवतो. बांधलेले गाठोडे त्याच्या शेजारी आहे. शनिवारपासून बांधलेलेच आहे. ते तो रात्री उशाला घेतो की काय, माहीत नाही. मधूनमधून त्याच्यावर हात ठेवतो. उत्तरेकडे तोंड करून बसला आहे. आबांचा आवाज आला की उठून उभा राहतो.

एवढेच. एकही उपमा सुचली नाही. वाचून पाहिले आणि पान उपडे ठेवले.

मंगळवार, ता. १५. सकाळी

सांगितले.

आबा विहिरीकडे निघाले होते. मी म्हटले, आबा, एक सांगायचे आहे. ते म्हणाले, सांग. मी प्रथम लेखनाची प्रक्रिया, वाक्याचा तोल, ड्राफ्ट आणि फायनल यांतील फरक, अशा क्रमाने विषयाकडे आलो. आबा म्हणाले, पाणी लवकर धरायचे आहे. मग म्हटले, मी उंबरपाड्याला कधी गेलो नाही. धडगावलाही नाही. अमावास्येचे वाक्य मी बनवले. दिवाल्या खरे बोलतो आहे.

वाटले होते, ते रागावतील. किंवा खाली बसतील. मी त्यांना धरायला हातही थोडा पुढे केला होता.

आबा म्हणाले, “माले पहिलापाशीन म्हाईत शे. दिवाईना दिन तू आठेच करंज्या खाई ऱ्हायना व्हता.”

मी विचारले, पहिल्यापासून माहीत होते, मग त्याला अडवले का?

“गहूले पानी कोन दी? तुन्हा लेख?” ते म्हणाले. गव्हाला पाणी द्यायचे दिवस, मोट हाकायला माणूस हवा; नुसते नाही म्हटले असते तर दिवाल्या दोन दिवस धुसफुसत राहिला असता. छापलेले दाखवले, तो गप्प बसला. “इतला दिनना तुन्हा कागद पहिल्यांदा कामले उना.”

म्हणजे माझ्या लेखावर प्रकाशे गावात एकाही माणसाचा विश्वास नव्हता. विश्वास ठेवला तो फक्त दिवाल्याने. छापलेले आहे म्हटल्यावर त्याला वाटले असणार, असेल. आपल्यालाच कळले नसेल.

मी म्हटले, आता त्याला सोडा. आबांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले. म्हणाले, “सोडस. मंग मोट तू हाक.”

मी म्हटले, प्रोफेसर रविवारी येणार आहेत. ते म्हणाले, मोट रविवारीही असते.

होकार दिला. हा निर्णय मी मोठ्या मनाने घेतला असे लिहिणार होतो. खरे म्हणजे दुसरे काही बोलायला सुचले नाही.

दुपारी

ते निघाले. दिवाल्याने गाठोडे काठीला अडकवले. मी गोठ्यापर्यंत गेलो, मागच्या वाटेने नव्हे. त्याला सांगितले की सुटी मी मिळवून दिली. तो म्हणाला, “हाव, मास्तर.”

मग मनात एक कल्पना आली आणि ती आवरली नाही. म्हटले, मीही येऊ का? मोटेचे काही तरी पाहू. तुमची दिवाळी एकदा प्रत्यक्ष पाहतो. कुठेही उभा राहीन. काही लिहिणारसुद्धा नाही.

दिवाल्याने बायकोकडे पाहिले. तुळशीबाई म्हणाली, “तू तं देखी लिधं ना, मास्तर? आते कसाले येस?”

गोवालने मान खाली घातली. हसू लपवायला असावी. दिवाल्या तसाच उभा होता. मी ‘जा’ म्हणेपर्यंत निघेना. म्हटले, जा. मग ते तापीच्या वाळूकडे उतरले. तो मधे, ती पुढे. ती अजून बोलत होती. मूकपणे काही नव्हते.

बुधवार, ता. १६

मोट. बैल विहिरीकडून उताराने खाली जातात तेव्हा मोट वर येते. मग त्यांना पाठीमागे, चढाने, परत विहिरीपर्यंत यायचे असते. ते येत नाहीत. दिवाल्या नुसता तोंडाने एक आवाज करीत असे. तो आवाज मी इतकी वर्षे ऐकत आलो. लिहून घेतला नाही.

गव्हाचा एक वाफा भिजला. त्यापेक्षा अधिक मी भिजलो.

ता. १७

हाताला फोड. पेन धरवत नाही. बैल येत नाहीत.

ता. १८

आबांनी बैलांपुढे माझा लेख वाचून पाहिला. त्यांनाही पटला नाही. आबा स्वतःच्या विनोदावर पुष्कळ वेळ हसले.

शनिवार, ता. १९. सायंकाळी

आज ‘पाहिले’ हे पान प्रोफेसरांसाठी स्वच्छ अक्षरात उतरवायला घेतले. सातपुडा, निळसर. दिवाल्या, भिंत, गाठोडे. खाली तापीची वाळू आणि तीन माणसे. लेखात घालण्याजोगे एकही वाक्य नाही. तरी उतरवले. ‘सहस्रावधी पणत्या’ कुठल्या पानावर टाकाव्यात हे मात्र कळेना. पाहिल्या नाहीत. ऐकल्या म्हणावे तर सांगितल्या मीच, आणि ‘हाव’ तेवढे त्याने म्हटले.

नवलसिंग सांगत होता की शहाद्याच्या बाजारात डोंगराची माणसे भेटली. उंबरपाड्याची दिवाळी सोमवारी ठरली आहे, खालच्या पाड्याची त्यानंतर. दिवाल्या पोचला.

उद्या दुपारच्या मोटारीने प्रोफेसर उतरतील. सोमवारी दिवाळी आहे असे त्यांना कळले तर ते म्हणतील, चला, तुम्हाला वाट ठाऊकच आहे. पण बहुधा ती वेळ येणार नाही; त्याआधीच ते मला मोटेवर पाहतील. आबांनी ओटा सारवून घेतला आहे, पण साहेबाला ओट्यावर बसवायचे नाही, सरळ विहिरीवर माझ्याकडे पाठवायचे असे त्यांनी ठरवले आहे. सौ. ने हे हसू दाबून सांगितले. साहेब आले की ती चहा तिकडेच पाठवणार आहे.

उद्या गव्हाचे दोन वाफे राहिलेले आहेत. बैल मागे येतील असे चिन्ह नाही.